चाप माणसाच्याच बोटाखाली हवा

संपादक महोदय,

मे महिन्यात आमच्या केळीची पाने उन्हाच्या झळांनी होरपळली. मुलाने फोटो काढून मोबाइलच्या ॲपवर टाकला. ॲपने क्षणात ‘करपा रोग’ असे ठरवून औषधही सुचवले. फवारणी केली, पैसे गेले. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी पान नुसते उलटून पाहिले आणि म्हणाले, ‘अरे, हे ऊन आहे!’

हे आठवायचे कारण म्हणजे माझा पुतण्या सीमेवर आहे. लष्करात कृत्रिम बुद्धिमत्ता यावी, असे मलाही वाटते. जुलै २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी अशी ७५ उत्पादने दिल्लीत सादर केली. टेहळणी, सुरुंगांचा शोध, वाहनांची देखभाल यांत यंत्राने जवानाचा जीव वाचत असेल, तर त्यावर हवा तेवढा खर्च करा.

पण लक्ष्य ठरवून मारण्याचा निर्णय? डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत माणसाशिवाय स्वतःच लक्ष्य निवडून मारणाऱ्या शस्त्रांबाबतचा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. विरोधातल्या चारांत रशियाबरोबर भारतही होता. हे वाचून मला वाईट वाटले. आपली भूमिका काय, हे सरकारने मराठी-हिंदीतून लोकांना सांगायला हवे होते.

वरणगावच्या कारखान्यात तयार होणारी गोळी कुणावर झाडायची, हे आजवर माणूस ठरवत आला आणि चुकला तर त्याला जाब विचारता आला. यंत्र चुकले तर जबाबदार कोण, याचे लेखी उत्तर आमच्या खासदारांनी संसदेत मागावे, ही विनंती.

— एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव