सर्पगंधा, रक्तदाब आणि डॉ. वकील

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सर्पगंधेवर आलेला लेख वाचला. झुडपाचे वर्णन, फुले, सह्याद्रीत ते कुठे आढळते हा भाग चांगला जमला आहे. पण पुढे लेखकमहाशयांनी दोन विधाने ठोकून दिली आहेत. एक, रक्तदाबावरचे हे औषध आपल्या ऋषिमुनींना हजारो वर्षांपासून ठाऊक होते आणि परदेशी कंपनीने ते पळवले. दोन, आजही रोज सकाळी मुळाचे अर्धा चमचा चूर्ण घेतले की बीपीच्या गोळ्यांची गरज उरत नाही. पहिले विधान एका मुंबईकर डॉक्टरावर अन्याय करणारे आहे आणि दुसरे वाचकांच्या जिवावर बेतणारे. माझी हयात औषधांच्या दुकानात गेली, त्यामुळे गप्प बसवले नाही.

आधी ऋषिमुनींचे. सर्पगंधा आपल्याकडे जुनी आहे यात वाद नाही. सर्पदंश, ताप, निद्रानाश, वेड यांवर ती दिली जाई. बिहारकडे तर तिचे मूळ बाजारात ‘पागल की दवा’ म्हणूनच मिळे. पण रक्तदाब? दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे साधन इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली तयार केले आणि स्टेथोस्कोप लावून वरचा-खालचा आकडा ऐकण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. जी गोष्ट मोजताच येत नव्हती, तिच्यावरचे औषध कोणाला ठाऊक असणार? रोग्याला झोप लागते, तो निवळतो, एवढे जुन्या वैद्यांना दिसले आणि तेवढे त्यांनी लिहून ठेवले. त्यांना याहून जास्त श्रेय द्यायला जाणे म्हणजे त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणे.

दाब आणि सर्पगंधा यांची गाठ पडली ती १९३१ साली. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर हे मूळ उपयोगी पडते असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातून शुद्ध द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ नाव दिले. खरे कामाचे द्रव्य मात्र राळेसारख्या उरलेल्या भागात राहून गेले.

लेखात ज्यांचे नावही नाही, ते डॉ. रुस्तम जाल वकील या सगळ्यांच्या नंतरचे. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी काही नवीन मूळ शोधून काढले नाही. बाजारात मिळणाऱ्या सर्पगंधेच्या साध्या गोळ्या घेतल्या, निश्चित निदान झालेले ५० रुग्ण निवडले, चार आठवडे औषध दिले आणि आधीचा दाब, नंतरचा दाब असे आकडे मांडले. ८५ टक्के रुग्णांचा वरचा आकडा उतरला होता, ८१ टक्क्यांचा खालचा. १९४९ साली हा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. आजच्या हिशेबाने ५० रुग्ण म्हणजे चिल्लर. पण तोवर देशभर डॉक्टर आपापल्या अनुभवावर ही गोळी देत होते आणि ‘गुण येतो’ यापलीकडे बाहेरच्या जगाला दाखवण्यासारखे हाती फारसे काही नव्हते. वकिलांच्या निबंधानंतर बोस्टनच्या विल्किन्स यांनी ती अमेरिकेत वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सीबा कंपनीतल्या म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळातले ते खरे कामाचे द्रव्य, रिसरपिन, वेगळे काढले. १९५७ चा लास्कर पुरस्कार सर्पगंधेच्या कामासाठी ज्यांना विभागून मिळाला त्यांत वकील होते. हा पुरस्कार वैद्यकात नोबेलच्या खालोखाल मानतात. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. आज परळच्या नाक्यावर उभे राहून दहा जणांना विचारा, एकालाही हे नाव सांगता येईल असे मला वाटत नाही.

आता ‘पळवले’ या शब्दाबद्दल. उघड छापलेला निबंध जगाने वाचावा यासाठीच तर छापतात. राग यायचाच असेल तर तो याचा यावा, की सिद्दिकींच्या कामानंतर वीस वर्षे हाताशी असताना रिसरपिन आपल्या प्रयोगशाळेत का निघाले नाही. पैसा बाझलला गेला हे खरेच. पण त्याला चोरी म्हणून आपण स्वतःची सुटका करून घेतो.

माझ्या पिढीच्या केमिस्टना या औषधाची ओळख करून द्यावी लागत नाही. ‘अ‍ॅडेल्फेन’ या बीपीच्या गोळीची पाकिटे दुकानातून सतत जायची. तीत रिसरपिनचे प्रमाण होते ०.१ मिलिग्रॅम, जोडीला दुसरे औषध. पेन्शनर मंडळी यायची, नाकात घालायचे थेंब मागायची. सर्दी नाही, शिंक नाही, नुसते नाक चोंदलेले. मी विचारायचो, ‘काका, बीपीची कोणती गोळी चालू आहे?’ उत्तर बहुधा ठरलेले असे. थेंब द्यायच्या ऐवजी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवायचो. रिसरपिनने नाक चोंदते, कारण मज्जातंतूंच्या टोकाशी रक्तवाहिन्या आवळणारे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन साठवण्याची जी सोय असते, तीच ते बंद पाडते. गोदामच रिकामे झाले की रक्तवाहिन्या सैलावतात. नाकातल्याही सैलावतात आणि आतून फुगवटा येतो.

दुसरे म्हणजे मेंदूतले गोदामही तसेच रिकामे होते. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसरपिन दिले तेव्हा ते जागच्या जागी थिजले आणि मेंदूतला साठा भरून काढणारे एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या उपचाराची वाट त्यातून सापडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. आपल्या रानातल्या मुळाने एवढे शिकवले, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण तेच मूळ जास्त प्रमाणात पोटात गेले तर माणूस खिन्न होतो, उठावेसे वाटत नाही. पन्नासच्या दशकात मोठ्या मात्रा देणाऱ्या डॉक्टरांना हे लवकरच दिसू लागले. नैराश्याचा त्रास असलेल्याला रिसरपिन देत नाहीत ते यामुळे.

औषध वाईट म्हणून मागे पडले असे मात्र कोणी समजू नये. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १४३ रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेली ही माणसे. औषधे न मिळालेल्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवला, औषधे मिळालेल्यांत फक्त दोघांवर. त्या औषधांत रिसरपिन होते. दाब उतरवला की माणूस वाचतो, याचा तो पहिला भक्कम पुरावा. पुढे १९७४ मध्ये रिसरपिनने स्तनाचा कर्करोग होतो अशी हूल उठली, ती नंतर टिकली नाही, पण तोवर नवी औषधे आली होती आणि हे बाजूला पडले.

आता त्या अर्ध्या चमच्याचा हिशेब. चांगल्या प्रतीच्या मुळात एका ग्रॅमला साधारण दीड मिलिग्रॅम रिसरपिनच्या जातीची द्रव्ये असतात. अर्धा चमचा म्हणजे ग्रॅमभर तरी चूर्ण. म्हणजे अ‍ॅडेल्फेनच्या पंधरा गोळ्यांतले रिसरपिन एका सकाळी, तेही रोज! शिवाय या औषधाचा परिणाम हळूहळू चढतो आणि सोडल्यावरही बरेच दिवस उतरत नाही, त्यामुळे बिघडले हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यात बाजारात सर्पगंधा म्हणून तिच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झाडाचे मूळ सर्रास खपवतात, त्याचे प्रमाण आणखी वेगळे. आणि मूळच उपटायचे असल्याने झाड जाते, हा भाग लेखकाच्या ध्यानीही आला नाही. रानातली सर्पगंधा इतकी ओरबाडली गेली आहे की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

पुरवणी गावोगाव जाते आणि छापील चमच्यावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. तेव्हा येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच टायपात, ‘हे चूर्ण वैद्य वा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये आणि चालू गोळ्या बंद करू नयेत’ असा खुलासा छापावा, ही विनंती. जागा उरली तर डॉ. वकील यांचे छायाचित्रही द्यावे.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, चिपळूण