चालवायची नव्हती म्हणूनच ट्रक बोलावला होता

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: नोंदणी नसलेली मोटरसायकल तपासणीला नेताना रस्त्यावर चालवल्याबद्दल व झालेल्या नुकसानीबद्दल तक्रार

महोदय,

गेल्या मंगळवारी तुमच्या ट्रकने माझी मोटरसायकल घरून उचलली आणि सुरक्षा तपासणी करणाऱ्या वर्कशॉपपर्यंत पोचवली. निदान पावतीवर तरी तसं लिहिलं आहे. प्रत्यक्षात शेवटचे २.७ किलोमीटर तुमच्या चालकाने ती ट्रकमधून उतरवून, किक मारून, चक्क चालवत नेली. नंबर नाही, विमा नाही, टायरांना भेगा पडलेल्या. फोनवर तुमच्या प्रतिनिधीला हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, पण गाडी पोचली ना?" त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहावं लागतंय.

गाडी माझ्या मामांची. नऊ वर्षं ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि त्या काळात तिची नोंदणी संपून गेली. मामांनी ती मला देऊन टाकल्यावर सात-आठ महिने सुट्टीच्या दिवशी मी तिच्यावर काम केलं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर उघडून साफ केला, नवी बॅटरी घातली, ब्रेक ऑइल बदललं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसं पाणी शोषलं की तेच १५५ अंशांच्या आसपास उकळायला लागतं. मग ब्रेक तापल्यावर वाफ धरते आणि लिव्हर हातात पोकळ लागते. एवढं मला कळतं, हे मुद्दाम सांगते आहे. कारण बुकिंगच्या वेळी तुमच्या माणसाने "घरात गाडीतलं कळणारं कुणी असेल तर फोन द्या" असं सांगितलं होतं. फोन कळणाऱ्याकडेच होता.

टायर मात्र मी बदलले नव्हते. २००० सालापासून टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या मागच्या टायरवर २४१२ आहे, म्हणजे २०१२ सालचा चोविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर वाळून कडक झालेलं आणि कडेला नखभर भेगा. नवे टायर वर्कशॉपमध्येच बसवून घ्यायचे आणि लगेच तपासणीला उभं राहायचं, असं ठरलं होतं. त्यामुळे ट्रकमध्ये चढली तेव्हा ही गाडी ढकलायला ठीक होती, चालवायला नव्हती. बुकिंगच्या अर्जात "गाडी चालू स्थितीत आहे का" या रकान्यापुढे मी "इंजिन सुरू होतं, पण रस्त्यावर चालवू नये, नोंदणी व विमा नाही" असं लिहिलं आहे. त्याची प्रत सोबत आहे.

आता ट्रकच का, हे तुमच्या कार्यालयातल्या कुणाला तरी नीट समजावं म्हणून सांगते. नोंदणी करायची तर तपासणीचा दाखला आणा म्हणतात. तपासणी वर्कशॉपमध्ये होते आणि वर्कशॉपला रस्त्यावरूनच जावं लागतं. रस्त्यावर गाडी काढायची तर नोंदणी हवी. तात्पुरता परवाना मिळेल का म्हणून विचारलं, तर आधी विमा दाखवा. विमा मागायला गेले, तर नोंदणी क्रमांक द्या. या चक्रात मी तीन आठवडे फिरले. मित्राने दोरी बांधून ओढत न्यायचं सुचवलं. पण दोरीने ओढली काय की इंजिनावर नेली काय, चाकं रस्त्यालाच टेकणार. आणि वळणावर दोरी ढिली पडून पुन्हा ताणली गेली की दुचाकीचं काय होतं, ते न बघितलेलंच बरं. ढकलत न्यावी तर अंतर चौदा किलोमीटर आणि गाडी दीडशे किलोच्या वर. उरला एकच सरळ मार्ग, गाडीची चाकं रस्त्याला लागूच द्यायची नाहीत. त्यासाठी मी तुम्हाला पैसे दिले. तुमचं भाडं इतरांपेक्षा जास्त होतं. तेही दिलं, कारण तुमच्या जाहिरातीत "घरापासून दारापर्यंत" असं लिहिलेलं होतं.

ट्रक दोन तास उशिरा आला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चालक एकटाच होता, जेमतेम विशीतला मुलगा, आणि त्या दिवशी त्याच्याकडे अजून चार गाड्या उचलायच्या होत्या. फळीवरून गाडी चढवायला मीच मागून हात लावला. मग त्याने ती साइड स्टँडवर उभी केली, दोन पट्ट्यांचे आकडे हँडलच्या दोन टोकांना, ग्रिपच्या अगदी जवळ अडकवले आणि रॅचेट आवळायला लागला. मी त्याला थांबवलं. पट्टे हँडलच्या टोकांना अडकवले की पाइप वाकतो आणि ग्रिप सरकते. ते खाली, दोन्ही शॉकअप धरणाऱ्या क्लॅम्पला, मऊ कापडी फासा घालून अडकवायचे असतात. पुढचं चाक खाचेत बसवून, गाडी सरळ उभी करून, शॉकअप थोडे दबतील इतकंच आवळायचं. मागे आणखी दोन पट्टे, आणि गाडी गिअरमध्ये. साइड स्टँडवर उभी गाडी बांधली की प्रत्येक खड्ड्याला शॉकअप दबतात, पट्टे ढिले पडतात, मग झटक्याने पुन्हा ताणले जातात, आणि तो सगळा मार फ्रेमला जोडलेल्या स्टँडच्या कानावर बसतो.

तो मुलगा म्हणाला, "ताई, फासे दिलेच नाहीयेत. दोनच पट्टे आहेत." मी घरातून जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून दिल्या. त्याने त्या हँडलभोवती गुंडाळल्या आणि आकडे पुन्हा तिथेच लावले. तेव्हाच गाडी खाली उतरवून घ्यायला हवी होती. पण तपासणीची वेळ मोठ्या मिनतवारीने मिळालेली होती आणि ती हातची जाईल या भीतीने मी गप्प बसले. एवढी चूक माझी.

किल्लीही मीच दिली. हँडल लॉक उघडायला आणि उतरवताना गाडी न्यूट्रलमध्ये आहे की नाही ते दिव्यावर बघायला. चालवायला नाही.

वर्कशॉपमध्ये मी मागून बसने पोचले तेव्हा गाडी आत घेतलेली होती आणि ट्रकचा कुठेच पत्ता नव्हता. मेस्त्री म्हणाले, "गाडी चालवतच आली की. सायलेन्सर गरम होता, पोराला चटका बसला." ट्रक गल्लीत शिरत नाही म्हणून चालकाने तो हमरस्त्यावर लावला आणि गाडी उतरवून चालवत आणली, असं तिथल्या दोघांनी पाहिलं आहे. वर्कशॉपच्या गल्लीची रुंदी मी बुकिंगच्या वेळी सांगितली होती. तुमच्याकडे लहान ट्रक असल्याचं तेव्हा मला सांगितलं गेलं होतं.

तुमचे प्रतिनिधी दुसऱ्या फोनवर म्हणाले की चालकाने ती "ढकलत नेली असावी". तर हिशोब करू. घरून निघताना तुमच्याच अ‍ॅपने चार फोटो मागितले, त्यातला एक मीटरचा. त्यात आकडा आहे ४१२८६.४. वर्कशॉपने गाडी आत घेताना जॉबकार्डावर लिहिलेला आकडा आहे ४१२८९.१. पहिला फोटो तुमच्या सर्व्हरवर आहे, दुसरा आकडा माझ्या हातचा नाही. दीडशे किलोवरची गाडी २.७ किलोमीटर, अर्धा रस्ता चढाचा, एकट्याने ढकलत नेली आणि ढकलून ढकलून सायलेन्सरही तापला, असं तुमचं म्हणणं असेल तर तसं लेखी द्या. मी ते जपून ठेवीन.

गाडी तपासणीत नापास झाली. पुढच्या डाव्या शॉकअपचं सील फुटून ऑइल खाली डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर उतरलं होतं. पॅड एकदा ऑइल प्यायला की पुसून, घासून उपयोग नसतो, बदलावाच लागतो. साइड स्टँडचा कान वाकल्यामुळे गाडी इतकी कलते की कुणी धक्का दिला तर आडवी होईल. हँडलचं उजवं टोक डाव्यापेक्षा खाली आहे. सील जुनं होतं हे मी नाकारत नाही. वाळलेलं रबर कधी ना कधी गळलंच असतं, आणि सीलच्या खर्चातला निम्मा भाग मी स्वतः सोसायला तयार आहे. पण निघताना काढलेल्या फोटोत दोन्ही शॉकअपच्या नळ्या कोरड्या ठणठणीत दिसतात. सुमारे अकरा किलोमीटर ते ट्रकमध्ये झटके खात आले आणि त्यानंतर गाडी चालवली गेली. म्हणजे पुढच्या ब्रेकवर ऑइल आणि खाली तेरा-चौदा वर्षांचे टायर अशा अवस्थेत तुमचा माणूस भर रहदारीतून गेला असण्याची दाट शक्यता आहे. त्याच्या डोक्यावर हेल्मेटही नव्हतं, असं मेस्त्री सांगतात.

माझ्या रागाचं खरं कारण हे आहे. गाडी दुरुस्त होईल. पण त्या २.७ किलोमीटरमध्ये एखादं पोर आडवं आलं असतं तर? विमा नसलेली गाडी, मालक म्हणून नाव माझं, आणि चालवणारा मी पाठवलेला. निस्तरायचं कुणी? की तेव्हाही "गाडी पोचली ना" असंच म्हटलं असतं?

त्या मुलाला कामावरून काढू नका, ही माझी स्पष्ट विनंती आहे. दोन पट्टे देऊन, मदतनीस न देता, पाच गाड्यांचं वेळापत्रक हातात देऊन ज्याने त्याला पाठवलं, त्याच्याशी माझं भांडण आहे. अर्जात मी लिहिलेली सूचना त्या मुलाच्या फोनवर दिसतच नव्हती. त्याने स्क्रीन मला दाखवली, तिथे फक्त पत्ता आणि "चालू गाडी" एवढंच होतं. इंजिन सुरू होतं म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायला मोकळी, असा अर्थ तुमच्या यंत्रणेने काढला आणि माझं उरलेलं वाक्य कापून टाकलं. नोंदणी नसलेल्या, विमा संपलेल्या गाड्या तुमच्याकडे रोज येत असणार. नाहीतर ट्रक कोण बोलावतो? अशा गाडीसाठी चालकाच्या कामाच्या कागदावर "चालवायची नाही" हे दोन शब्द छापायला किती दिवस लागतील, ते कळवावं.

भाड्याची पूर्ण रक्कम परत मिळावी, कारण ठरलेली सेवा मिळालेलीच नाही. ब्रेक पॅड, स्टँडचा कान आणि हँडल यांचा पूर्ण खर्च आणि सीलचा निम्मा खर्च वर्कशॉपच्या अंदाजपत्रकाप्रमाणे द्यावा. तपासणीची फी मला पुन्हा भरावी लागणार आहे, तीही तुमच्याकडेच लागते. गाडी चालवली गेली, हे तुमच्या कंपनीने लेखी मान्य करावं. पुढेमागे त्या दिवसाबद्दल कुणी विचारणा केली तर माझ्याकडे कागद असायला हवा. यातली शेवटची गोष्ट पैशांपेक्षा आधी हवी आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हेच पत्र सगळ्या फोटोंसह ग्राहक तक्रार निवारणाकडे जाईल. फोनवर आता बोलणार नाही. आतापर्यंत चार वेळा बोलले, चार वेगवेगळ्या माणसांना पहिल्यापासून गोष्ट सांगितली आणि प्रत्येकाने शेवटी सेवेला किती तारे द्याल असं विचारलं.

फेरतपासणीची वेळ तीन आठवड्यांनंतरची आहे. तोवर गाडी वर्कशॉपच्या आवारातच ठेवू देतो, असं मेस्त्रींनी कबूल केलं आहे. तिथून ती नेण्यासाठी "भरपाई म्हणून मोफत ट्रक" असा प्रस्ताव तुमच्याकडून काल मेसेजवर आला. तो मला मान्य नाही. कृपया गाडीकडे कुणालाही पाठवू नये. किल्ली मी परत घेतली आहे.

आपली,
तक्रारदार ग्राहक

सोबत: बुकिंग अर्जाची प्रत, निघतानाचे चार फोटो, वर्कशॉपचं जॉबकार्ड, तपासणीत नापास झाल्याचा अहवाल, दुरुस्तीचं अंदाजपत्रक, भाड्याची पावती