लेक्चर बेसिस सोडून प्रूफं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी अकरा वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं, तेही लेक्चर बेसिसवर, म्हणजे दर जूनमध्ये नव्याने इंटरव्ह्यू आणि मे महिन्यात पगार शून्य. गेल्या वर्षी सोडलं. आता म्हापशाला घरी बसून पुस्तकं, थिसिस, देवळांच्या स्मरणिका एडिट करते. आई अजून शेजारणीला सांगते, "ती कॉलेजातच आसा."

लोकांना वाटतं एडिटिंग म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. अहो, परवा एक अख्खी कादंबरी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाईप केलेली आली, आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये घेतली तर जोडाक्षरांचा पार चुराडा, सगळी जुळवण्यात तीन दिवस गेले आणि लेखक विचारतात, फक्त वाचायचे एवढे पैसे? बरं, शब्दाचा शेवटचा इकार दीर्घ हा नियम १९६२ पासून आहे आणि 'आणि' हा त्याला ठरलेला अपवाद, तरी दर तिसऱ्या थिसिसमध्ये 'आणी' असतंच. गाईड वाचतात का, असा प्रश्न पडतो. (मीही तिथलीच, म्हणून गप्प बसते.)

विनंती एवढीच, इथे छापणाऱ्या संस्थांनी बजेट करताना कागद, छपाई, प्रकाशनाचा हॉल, शाल-श्रीफळ सगळं धरतात तसं एडिटिंगही धरावं आणि रेट कामाआधी लिहून द्यावा. एका संस्थेने मला मानधन म्हणून पुस्तकाच्या वीस प्रती दिल्या. त्यातल्या सतरा अजून कपाटात आहेत, कुणाला हव्या असतील तर कळवा.

— एक वाचक, म्हापसा