नान्नजचा माळढोक जैसलमेरला भेटला

मा. संपादक,

जानेवारीत आम्ही नवरा-बायको सोलापूरहून गाडीने जैसलमेरपर्यंत जाऊन आलो. परतल्यापासून भेटेल तो विचारतो, 'जैसलमेरजवळच्या समच्या वाळूत उंटावर बसलात का?' बसलो. पण मला लिहायचंय ते माळढोक पक्ष्याबद्दल.

माझं माहेर सोलापूरजवळच्या नान्नजकडे. लहानपणी वडील ज्वारीच्या रानापलीकडे बोट करायचे, 'तो बघ माळढोक.' ताठ मान, चालीत घाई म्हणून नाही. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आता माहेरी गेले की काळवीट दिसतात, तो दिसत नाही.

म्हणून जोधपूर सोडल्यावर आम्ही फलोदीची वाट धरली. तिथल्या खीचन गावात लोकांनी टाकलेल्या दाण्यांवर मंगोलियाकडून आलेले कुरजां पक्षी थव्याथव्याने उतरतात. दुपारी धाब्यावर बाजरीची भाकरी आणि सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमी!

जैसलमेर-बाडमेर रस्त्यावर आकलला अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे आहेत. तिथून नजर वर केली की सगळीकडे पवनचक्क्या आणि विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरची तार त्याला उशिरा दिसते. तोवर ते जड अंग वळवता येत नाही. मादी एका विणीत बहुधा एकच अंडं घालते, म्हणजे एक पक्षी तारेवर आदळून मेला की ती जागा भरायला वर्षं लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, पण २०२४ मध्ये तो सैल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

मरू राष्ट्रीय उद्यानात, सुदासरी इथल्या माळढोकासाठी राखलेल्या कुंपणाबाहेरून, दुर्बिणीत दोन माळढोक दिसले. तीच मान, तीच चाल. मला बराच वेळ बोलता येईना.

वीज हवीच, आणि तारा पुरायला खर्च येतो हेही खरं. पण निदान विणीच्या गवताळ पट्ट्यातल्या तारा तरी खाली जायलाच हव्यात. तिकडे जाणाऱ्या मराठी पर्यटकांना माझी विनंती, पक्ष्यामागे जीप घालू नका. आपल्या पर्यटन पुरवणीतही समच्या जोडीने सुदासरीला जागा द्या. आणि आपल्या वनखात्याने नान्नजचं गवत राखावं. राजस्थानात सम आणि रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांत आज माळढोकाची पिल्लं वाढताहेत. त्यांतली काही उद्या इकडे सोडायची म्हटलं, तर त्यांना उतरायला माळ हवा.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर