जाड पुस्तकं नकोत, पातळ द्या
(वाचनालयाच्या बालविभागातर्फे आवाहन)

मंडळी, मागच्या उन्हाळ्यात आम्ही मुलांसाठी पुस्तकं मागितली आणि तुम्ही हात आखडता न घेता दिलीत. खोकी उघडली तर ज्ञानकोशाचे सुटे खंड, थोरांची चरित्रं, बारीक टायपातल्या बोधकथा, दहावीची गाईडं आणि सुतळीने बांधलेला जुन्या पंचांगांचा गठ्ठा. देणाऱ्यांना दोष नाही. नेमकं काय हवं ते आम्हीच सांगितलं नव्हतं. म्हणून या खेपेला जरा सविस्तर लिहितोय.

बालविभागात येणारी बहुतेक मुलं दुसरी ते चौथीतली. येतात ती थेट कपाटाशी, आणि उचलतात ते सगळ्यात जाड पुस्तक. (जाड पुस्तक काखेत धरून रस्त्याने जाण्यात एक रुबाब असतो. आपणही ते केलंय.) दोन दिवसांनी ते पुस्तक न वाचताच परत येतं. असं दोन-तीनदा झालं की पुस्तक परत येतं, पण मूल काही पुन्हा येत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या तिसरीतल्या एका मुलीचं बघा. ती ‘झाड’ वाचते, ‘झाडावर’ही वाचते. ‘झाडावरच्या पक्ष्यांना’ आलं की थांबते. पक्षी तिला माहीत आहेत, झाड तर दारातच आहे. पण शब्दाला एकामागून एक प्रत्यय चिकटलेत, ‘पक्षी’चं ‘पक्ष्यां’ झालंय आणि ‘क्ष’ला ‘य’ जोडलाय. हे सगळं सोडवून ओळ संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते तिच्या डोक्यातून गेलेलं असतं. मराठीत ही गंमत आहे. वाक्यात चारच शब्द असले म्हणून ते सोपं होत नाही. शब्द किती लांबलाय, जोडाक्षरं किती, रफार कुठे बसलाय, तेही बघावं लागतं.

म्हणून पुस्तक देण्याआधी आम्ही मधलंच एखादं पान मुलाला मोठ्याने वाचायला सांगतो. शब्द अडला की एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक एकट्याने वाचायला जड. ही पाच बोटांची युक्ती बऱ्याच ठिकाणी वापरतात, पण ती शंभरेक शब्दांच्या भरलेल्या पानाला लागू पडते. चित्रपुस्तकाच्या पानावर वीसच शब्द असतात. तिथे दोन बोटं मिटली तरी पुष्कळ झालं. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं तर बोट मिटायचं नाही. ते मूल घरच्या बोलीत वाचतंय, अडलेलं नाही. शेवटी विचारायचं, “काय झालं रे गोष्टीत?” खडाखडा वाचून काहीच सांगता न येणारीही असतात, त्यांना आणखी सोपं पुस्तक लागतं.

लहान मुलांना वाचता-मोजता यावं यासाठीच्या ‘निपुण भारत’ या सरकारी मोहिमेमुळे मूल मिनिटाला किती शब्द वाचतं हा हिशेब आता पालकांनाही पाठ झालाय. शाळेने तो जरूर ठेवावा. आमच्याकडे घड्याळ लावत नाही आणि इयत्ताही विचारत नाही. जड पुस्तकच हवं असा हट्ट असेल तर तेही देतो, फक्त ते घरी आई-आजोबांनी वाचून दाखवायचं, असं ठरवून.

तर आम्हाला हवीत ती पातळ पुस्तकं. सोळा-चोवीस पानांची, मोठ्या टायपाची, पानावर दोन-तीन ओळी आणि चित्रावरून अंदाज बांधता येईल अशी. जोडाक्षरविरहित गोष्टींची तर फारच गरज आहे. आणखी एक. चौथीतल्या मुलाला अजून अडखळायला होत असेल, तर त्याच्या हातात ससोबाची गोष्ट देऊ नये. त्याला ते ‘बाळाचं पुस्तक’ वाटतं आणि तो खजील होतो. त्याला क्रिकेट, ट्रॅक्टर, साप, विहीर असं काहीतरी हवं, पण सोप्या शब्दांत. अशी पुस्तकं मराठीत शोधावी लागतात. तुमच्या नजरेला पडली तर आधी आम्हाला द्या.

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून गोष्टी मोफत उपलब्ध आहेत, मराठीतही भरपूर. त्या छापून वाटायला परवानगी आहे. वाचनाच्या चार पातळ्या केल्यात. पहिल्या पातळीची गोष्ट २५० शब्दांच्या आत संपते. त्यातल्या गोष्टी रंगीत छापून, पिना मारून पुस्तिका करायचा विचार आहे. कुणाचं झेरॉक्सचं दुकान असेल, त्यांनी छपाईचा थोडा भार उचलावा. बाकीच्यांनी कागदाची रिमं दिली तरी चालेल.

पातळी कळावी म्हणून रंगाचा ठिपका लावणार आहोत, पण मलपृष्ठाच्या आत. बाहेर लावला की “तू अजून पिवळ्यावरच?” सुरू होतं, ते आम्हाला नको.

रोख देणगी दिलीत तर पावती मिळेल आणि त्यातून कोणती पुस्तकं घेतली त्याची यादी फलकावर लागेल. एकेका पुस्तकाच्या दोन-तीन प्रती घ्यायच्यात, कारण मैत्रीण वाचतेय तेच पुस्तक प्रत्येकीला लगेच हवं असतं.

पैशांपेक्षाही निकड आहे ती माणसांची. शनिवारी संध्याकाळी तासभर येऊन एकेका मुलाचं पान ऐकणारी माणसं हवीत. शिक्षकच असायला हवं असं नाही. मूल अडलं की पाच आकडे मोजेपर्यंत गप्प बसता आलं पाहिजे, एवढंच. (हे वाटतं तितकं सोपं नाही. निवृत्त शिक्षकांना तर मुळीच नाही.)

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, नवी मांडणी मुलांना खुली करायची आहे. त्याआधी संध्याकाळच्या वेळात वाचनालयात पुस्तकं आणून द्यावीत. फाटलेली चालतील, आम्ही चिकटवू. गाईडं आणू नयेत. आणि पंचांगांचा गठ्ठा ज्यांचा असेल त्यांनी कृपया घेऊन जावा, मागच्या कपाटात जपून ठेवलाय.