तू पाठवलेल्या यिन योगाबद्दल

चि. रोहितास,
अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ मिळाले. वर 'मेनोपॉजसाठी' लिहिलेलं पाहून आधी हसूच आलं. आपल्या घरात हा विषय तुझ्यासमोर कधी निघालाच नव्हता. बाबांनी सांगितलेलं दिसतंय. आता विचारतोच आहेस, तर नीट सांगते.

सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती गेली असं डॉक्टर धरतात. आपल्याकडे साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते, तुमच्या अमेरिकेतल्या बायकांची ५१-५२ ला. माझी अजून पुरती गेलेली नाही, आणि खरा छळ या मधल्या काळातच. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन खालीवर होतं, मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं आणि जरा कुठे उकडलं की अंगातली उष्णता बाहेर फेकायला लागतं. छातीतून गरम वाफ वर चढते, मान आणि चेहरा लाल होतो, घाम फुटतो, आणि लगेच थंडी वाजते. रात्री हे झालं की मी पंखा पाचवर करते, बाबा दोनवर आणतात.

आता तुझं यिन. यातली पुष्कळ आसनं आपलीच आहेत, फरक एवढाच की एकेका आसनात ३ ते ५ मिनिटं, स्नायू ढिले सोडून पडून राहायचं. मला सुप्त बद्धकोणासन मानवलं. दिवाणावरचा लोड पाठीखाली उभा घ्यायचा, तळवे एकमेकांना जोडायचे, गुडघे बाजूला सोडायचे आणि दोन्ही मांड्यांखाली एकेक उशी. उशा विसरायच्या नाहीत, नाहीतर जांघेत ओढ बसते. पहिलं मिनिट बरं जातं. दुसऱ्यात मांडी कुरकुरते. तिसऱ्यात गॅसवर दूध ठेवलंय का, हे आठवतं. त्यानंतर कुठे श्वास खाली उतरतो. झोपायच्या आधी केलं तर चिडचिड उतरते, झोपही लवकर लागते.

पण वाफा याने थांबत नाहीत. तुमच्या तिकडच्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोन सोडून बाकीच्या उपायांचा आढावा घेतला, त्यात वाफांसाठी योगाची शिफारस केलेली नाही. तुझ्या व्हिडिओतली बाई मात्र 'हार्मोन्स बॅलन्स होतात' म्हणते. लोडावर पडून हार्मोन्स ठिकाणावर येत असते, तर डॉक्टरांच्या दारात रांगा कशाला लागल्या असत्या?

हाडांचंही तेच. पाळी गेल्यावर ती झपाट्याने झिजतात, आणि नुसतं पडून राहिल्याने ती मजबूत होत नाहीत. त्याला वजन उचलायला हवं, जिना चढायला हवा. पाठ गोल करून पायांवर वाकायचं ते कॅटरपिलर हाडं ठिसूळ झालेल्या बाईने करूच नये, मणक्यावर भार येतो. हे त्या व्हिडिओत कुठेच सांगितलेलं नाही. माझी हाडांची तपासणी व्हायची आहे, तोवर मी ते वगळते.

तेव्हा ऑनलाइन क्लासचे पैसे भरू नकोस. लोड घरात आहे आणि आसनं मला येतात. पाठवायचंच असेल तर डंबेल्सची एक जोडी पाठव, दोन किलोची पुरे. आणि सूनबाईला म्हणावं, तिच्या आईला याच दिवसांत काय काय झालं ते आत्ताच विचारून ठेव. मला माझ्या आईने कधी काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तुझी,
आई