रेषेतच सही असते

महोदय,

अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंग चाहत्यांना पुस्तकाच्या पानावर मार्करने चटकन चित्र काढून खाली सही करून देत असे. अशा चित्रांना कुणी 'सहीबरोबरच्या रेघोट्या' म्हटले, की ते मला पटत नाही.

त्यातले रांगते बाळच पाहा. भोवती किरण, देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असावी तसे. हे बाळ म्हणजे त्याची सुरुवातीची खूणच होती. ती जिथे असेल तिथे नाव नसले तरी चालत असे. १९८० पासून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांत जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवर काळा कागद चिकटवलेला असे, त्यावर तो पांढऱ्या खडूने चित्रे काढी. पोलीस येण्याआधी आटपायचे, म्हणून रेषा एकटाकी, खोडाखोड नाही. मार्करच्या चित्रातला ठामपणा तिथून आलेला आहे. त्याच्या चित्रांतला चौकोनी तोंडाचा भुंकणारा कुत्रा मला तरी दंडुकेशाहीचाच वाटतो. कुणाला तो सावध करणारा राखणदार वाटेल, तेही चालेल.

हॅरिंग १९९० मध्ये एड्सने गेला, वय अवघे ३१. आजाराचे निदान झाल्यावरही तो बाळ काढत राहिला, हे कळल्यापासून त्या किरणांकडे मला पूर्वीसारखे पाहता येत नाही. आपल्या पुरवणीत अशा चित्रांवर लिहिताना लिलावातल्या किमतीआधी रेषेबद्दल दोन ओळी जरूर छापाव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सांगली